मधल्या बारा ओळी

“यातलं आईचं कुठपर्यंत?”

लेकीनं अजून खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नव्हती. खुर्चीवरची अर्धवट शाल तिनं सुईसकट उचलली आणि खिडकीशी नेली. बाप पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबला.

“खालचं तिचं,” तो म्हणाला. “वरचं मी विणलंय.”

“तुम्ही?”

“शिकलो. लोकरीच्या दुकानातल्या बाईंकडे. तीन महिने नुसत्या पट्ट्या विणल्या आणि उसवल्या.”

“शर्टाचं बटण तुटलं तर आठवडाभर तसेच फिरायचात. आणि एकदम मोझेकची वीण?” ती हसली नाही. “मला विचारायचं तरी. आईच्या हातची शेवटची वस्तू आहे ही.”

त्याने पेला खिडकीत ठेवला. तिनं पेल्याला हात लावला नाही.

मोझेकची नक्षी दिसते अवघड, पण एका वेळी एकच धागा हातात असतो. दोन ओळी निळ्या, दोन पांढऱ्या. जिथं दुसरा रंग दिसायला हवा, तिथला खालचा टाका न विणता तसाच दुसऱ्या सुईवर सरकवायचा. सगळी मेख त्या सरकवण्यात. एक जरी चुकला, की चौकट वाकडी होते आणि वाकडीच वर चढत जाते.

शालीवर खाली निळ्या-पांढऱ्या चौकटी होत्या, छापल्यासारख्या. मग मध्येच बारा ओळी बिघडलेल्या. एक टाका ढिला, एक आवळलेला, पांढऱ्याच्या जागी निळा. आणि त्यावर पुन्हा अठ्ठावीस ओळी एका मापाच्या. बापाने चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली होती. मापात तो कुणाला ऐकणारा नव्हता.

“हे बघा,” लेकीनं मधल्या भागावर बोट ठेवलं. “इथपर्यंत आई. मग हे तुमचं शिकणं. चौकटी पार झोपल्यात. मग हात बसला तुमचा. वरचं छान झालंय, खोटं कशाला बोलू? पण हा गोंधळ मध्ये ठेवून पुढं गेलातच कसे?”

त्याने खिडकीतला पेला कडेला सरकवला.

“उसवते मी. या बारा ओळी मी घालते, वरचं तुम्ही परत विणा. सगळं आईसारखं व्हायला हवं.”

“राहू दे.”

“का?”

“राहू दे म्हटलं ना. माझ्या चुका आहेत, माझ्यापाशी राहतील.”

“शाल तुमची नाहीये, बाबा.”

तिनं सुई ओढून काढली. दोनशे टाके उघडे पडले.

एका वाक्यात तिला थांबवता आलं असतं. पण तेच वाक्य बोलायचं नाही, असं बायकोनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. हाताचं पोरीला कळू देऊ नका, सगळं टाकून धावत येईल. आणि बायको गेल्यावर त्याने स्वतःच लेकीला सांगितलं होतं, शेवटपर्यंत विणत होती गं, हात अगदी ठणठणीत. आता बोलावं तर दोघंही खोटे पडणार. न बोलावं तर बारा ओळी जाणार. त्या बारा ओळींना पाच आठवडे लागले होते.

लेक धागा ओढत होती. निळ्याच्या दोन ओळी, पांढऱ्याच्या दोन. वाकडीतिकडी झालेली लोकर तिच्या पायाशी साठत होती. त्याचं दीड महिन्याचं काम उतरत होतं, पण तो त्या बारांच्या वर उरलेल्या ओळी मोजत होता. आठ. सहा. चार. त्याचा हात पुढे गेला आणि मागे आला. दोन.

ती आपणच थांबली. शालीची कड तिनं उजेडात धरली, बोटानं चाचपली.

“कड बदलली.”

रंग बदलताना दोन्ही धागे कडेला एकमेकांत अडकवावे लागतात. दुकानातल्या बाई नवा धागा जुन्याच्या खालून घ्यायला शिकवत. त्याची बायको वरून घ्यायची.

“आई वरून घ्यायची,” लेक म्हणाली. “मलाही तिनं तसंच शिकवलंय. आत्ता उसवलं ते सगळं खालून होतं. इथं वरून आहे.” तिनं मान वर केली. “या ओळी कुणाच्या, बाबा?”

“तिच्याच,” तो म्हणाला. “हात साथ देत नव्हते तिचे.”

“किती दिवस होतं असं?”

“पाच महिने. आधी चमचा सुटायला लागला.”

“मला फोनवर म्हणायची, हातात सुया आहेत गं, फोन बाबांनी धरलाय.”

“धरायचो मी,” तो म्हणाला. “सुया टेबलावर असायच्या.”

लेक होती तिथंच जमिनीवर बसली. मग कुणी घाई लावावी तशी सुई उचलून उघडे टाके भराभरा ओवायला लागली. टोक दोनदा चुकलं. मध्यावर आल्यावर ती थबकली.

“सुटला. बाबा, एक सुटला खाली.”

पांढरा टाका होता. एक ओळ उतरला, दुसरी उतरला, आणि मागे धाग्याची शिडी उघडी पडत गेली.

“ओढू नकोस. श्वाससुद्धा हळू घे.”

तो गुडघे टेकून बसला. गुडघे कुरकुरले. टाक्यावर त्याने अंगठा दाबून धरला.

“टाका वर उचलायला कपाटात क्रोशाची सुई आहे. बारीकवाली आण.”

ती हलली नाही. त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“जा,” तो म्हणाला. “मी धरलाय.”