न करपलेली डाळ

खाडीपाड्यात जवळपास प्रत्येकाच्या नाकात कारखान्यानं फुकट बसवून दिलेली बारीक चकती होती. तेव्हापासून नाल्याचा वास कुणाला येत नव्हता आणि तक्रारीही थांबल्या होत्या. घरोघरी डाळ मात्र करपायची आणि धूर दिसेपर्यंत कुणाला पत्ता नसायचा.

वस्तीतल्या पोरांना संघटनेचं काम शिकवणाऱ्या झुबेदाआपांनी बजावलं होतं, "लोकांच्या दारात जायच्या आधी स्वतःची चकती काढायची. उद्याच्या जनसुनावणीत वास येतो असं सांगणारं कुणीतरी हवं. नाहीतर कारखाना म्हणेल, वासच नाही."

त्या पोरांतल्या करिश्मानं घरीच चकती काढली आणि पहिल्याच श्वासाला मोरीकडे धावली.

गॅसवर डाळ ढवळणारी आई वळलीसुद्धा नाही. "काढलीस ना? तोंडानं श्वास घे. आत्ता तरी कमी आहे, पहाटे बघ."

करिश्मा तोंड पुसायची थांबली. तिच्या आईची डाळ कधीच करपली नव्हती.

"आई, तुझ्या नाकात चकती नाही?"

"होती की. तू तान्ही होतीस. एकदा नासलेलं दूध पाजलं तुला, मला कळलंच नाही. त्याच दिवशी काढून फेकली. घरात एकाला तरी कळायला नको?"

"इतकी वर्षं गप्प राहिलीस?"

"शेजारच्या शकूला सांगितलं होतं. ती म्हणाली, डोकं तपासून घे."

"उद्या बोलशील?"

आईनं गॅस बारीक केला.

"बोलेन गं. पण ऐकायला बसणाऱ्या साहेबांच्या नाकात काय आहे, ते आधी बघून ये."