बाबाचा अंगठा
करवतीत तुटलेला बाबाचा अंगठा डॉक्टरबाईंनी परवा जोडला. आज सकाळी गुलाबी होता, दुपारी पांढराफटक. "सिगारेट ओढली तर नसा आवळतील, अंगठा मरेल," बाईंनी बजावलेलं. अंगठ्याशिवाय सुतार रंधा कसा धरणार? माझं डोकंच फिरलं. "ओढलीस ना? खरं बोल!" उशी उलटवली, खिसे झाडले. "तुझी शपथ, नाही रे." तेवढ्यात तपासायला आलेल्या बाईंनी त्याची बाही सरकवली. दंडावर पट्टी! तलफ मरावी म्हणून सकाळीच औषधाच्या दुकानातून आणून मीच चिकटवलेली. "यातही निकोटीनच असतं! धुरातून जावो, कातडीतून जावो, नसा आवळतातच. कुणी लावली?" "मीच," बाबा म्हणाला. "खोटं बोलतोय. मी लावली." मी पट्टी ओरबाडून काढली. बाई अंगठ्याचं नख दाबून रक्त परततंय का बघत राहिल्या, मी टक लावून बसलो. "शाळेत फळ्याकडं असं बघितलं असतंस तर!" बाबा पुटपुटला. नख अजून पांढरंच होतं.