हाडवैदाचा खुबा

सूर्यमाळच्या फागू हाडवैदाचा खुबा बदलून तीन महिने झाले, तसा तो हळूहळू कामाला लागला. उकिडवं बसायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद, म्हणून दुखणेकरी बाजेवर आणि फागू खुर्चीवर. आज कुणाचं मुरगळलेलं मनगट, उद्या कुणाचा घोटा, एवढंच बघायचा. "हाडवैदाचं हाड डॉक्टरनं बसवलं!" म्हणून पाडा हसायचा. फागूही हसायचा.

एका सकाळी पाड्यातल्याच मुकेशनं बांधावरून पडलेल्या आईला झोळीत घालून आणलं. तिचं पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं होतं. फागूनं कमरेखाली हात फिरवला, तेवढ्यात त्याच्या बायकोनं, हौशीनं, सवयीनं बांबूच्या कामट्या पुढे केल्या.

"ठेव त्या. खुबा मोडलाय हिचा. मुकेश, जीप सांग. दवाखान्यात ने."

मुकेश चिडला. "तुमीच दवाखान्यात धाडाय लागलात, तर उद्या कोण येईल तुमच्याकडं? आन दहा वर्सांमागं हौशीआजीचा खुबा मोडला, तवा कुठला दवाखाना? तुमीच बांधला ना? चालती ना ती?"

"चालती," फागू म्हणाला.

कामट्या जागेवर ठेवायला हौशी आत निघाली होती. एक हात कुडाला, एक पाय मागून ओढत. ती दारापार होईतो फागू बघत राहिला.

"जीपमधी आणखी एक जागा धर," तो मुकेशला म्हणाला. मग आतल्या अंगाला तोंड करून हाक मारली, "हौशे, धुतलेलं लुगडं नेस. तूबी चल."