मुद्दाम चूक

हिशेबनीसकाकांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. त्यांची जागा घेणारा प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न विचारत होता. तारीख? रक्कम? खातं?

"काका, आता मुद्दाम चुका करा," प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी म्हणाली. "चुकीचं काही टाकलं की त्याने तिथल्या तिथे अडवायला हवं. मी आलेच दहा मिनिटांत."

अडतीस वर्षांत वहीत एक खाडाखोड नाही, आणि आता निघता निघता हे! बोटं धजेनात. शेवटी मनाचा हिय्या करून काकांनी तारीख टाकली, तीस फेब्रुवारी.

प्रोग्रॅमने ती मुकाट्याने घेतली आणि पुढचं विचारलं, रक्कम?

काकांनी सुस्कारा सोडला. हाताखाली आलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी असाच वागला होता.

मुलगी परतली. तिने सगळ्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि तिचा चेहरा खुलला. "एकही चुकीची तारीख आत शिरली नाही! पास झाला हा. काका, सुटलात तुम्ही!"



काका दमल्या आवाजात म्हणाले, "शिरेल कशी? मी बसलोय ना इथे. तीसची अठ्ठावीस केव्हाच करून ठेवली."