मापाचे स्केट

बिजवराला पोरगी देताना सोनालीच्या मामानं नफ्यातोट्याचा हिशेब मांडला होता. तोट्यात दोनच गोष्टी: नवऱ्याचं वय आणि पोरीच्या गळ्यात मेलेल्या पहिलीच्या नावाचा टाक. नफ्यात एकच गोष्ट होती, पण ती ऐकल्यावर मामानं पुढं मांडायचंच सोडून दिलं. कॅनडा.

तेवढ्यावर सोनालीनं युनिफॉर्मच्या कारखान्यातली शिलाई सोडली. त्याला दीड वर्ष झालं. बिरुदेव विनिपेगला ट्रक चालवायचा आणि फोनवर म्हणायचा, "कागद चाललेत." कुठवर आलेत हे तो सांगायचा नाही, आणि सासूला, राजाबाईला, विचारायची सोय नव्हती.

त्यामुळं लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टीवर आलेला बिरुदेव जेव्हा म्हणाला, "चल, तुला बर्फावरचे स्केट घ्यायचेत," तेव्हा कागद आले, असं सोनालीनं धरलं. जुळे सोलापुरात कुणी बर्फावर चालत नाही.

नवी पेठेतल्या रेवणप्पाच्या दुकानात बॅटी आणि कॅरम बोर्ड होते. बर्फ म्हणाल तर रेवणप्पानं रसवंतीतला पाहिला होता. पण बिरुदेवच्या सांगण्यावरून त्यानं दिल्लीहून दोन जोड मागवले होते, आणि मोबाइलवर दोनचार व्हिडिओ पाहून तो त्यातला जाणकारही झाला होता.

"बाहेर डांबर पाघळतंय आन् तुमी बर्फाचे बूट मागताय," तो म्हणाला. "तिकडं मिळत न्हाईत व्हय, बिरुभाऊ?"

"मिळत्यात. पण हितंच घ्यायचेत."

"मागं पण एकदा तुमी विचारलं होतं की. तीनचार वर्सं झाली असतील."

"असंल," बिरुदेव म्हणाला आणि बॅटी बघायला लागला.

राजाबाईही आली होती. चपला घ्यायलासुद्धा सुनेबरोबर न गेलेली बाई उन्हातून रिक्षानं आली, याचा सोनालीला मनातून आनंद झाला.

"रोजच्या चपलेचं माप सोडा, वहिनी," रेवणप्पा सांगू लागला. "एक नंबर कमीच लागतो. मोजा पातळ. टाच मागं रुतून बसली पायजे, बोटं पुढं नुसती टेकली पायजेत. नवशिकं माणूस ऐसपैस बूट घेतं आन् घोटा मोडून बसतं."

पहिला जोड घालून सोनाली उभी राहिली. पात्यांना प्लास्टिकची खोळ होती, तरी तोल जात होता. राजाबाई चक्क फरशीवर बसली आणि तिनं मागून टाच दाबून पाहिली. दीड वर्षात तिनं सुनेला जेवलीस का, असंही विचारलं नव्हतं.

"टाच उचलतीया. काढ."

दुसरा जोड लहान होता. टाच पक्की बसली. पण पुढं बोटं आखडली आणि करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली.

"दुखतंय का?" राजाबाईनं विचारलं. "खरं सांग, पोरी. पाय आखडला तर सगळं वाया."

"बसले न्हाईत तर तिकीट काढून उपेग न्हाय, आये," बिरुदेव म्हणाला.

"मधला नंबर मागवू की," रेवणप्पा म्हणाला. "धाबारा दिवसांत येतोय."

बिरुदेवची सुट्टी रविवारी संपत होती. सोनालीनं हिशेब केला. मामाचीच भाची ती.

"न्हाय दुखत, आत्या. मापात हाय."

"गुडघे वाकवा, वहिनी. बोटं थोडी मागं सरकली पायजेत. सरकली?"

"सरकली," सोनाली म्हणाली. बोटं होती तिथंच होती.

राजाबाईनं सुनेच्या गळ्यातला चांदीचा टाक दोन बोटांत धरला आणि दोन्ही स्केटना टेकवला. बिरुदेवची पहिली बायको सिद्धेश्वरी. तिचे कागद झाले होते, निघायच्या आधी डेंग्यूनं गेली. तिच्या नावाचा टाक दुसरीनं घालायचा, आणि नवं काहीही आलं की आधी टाकाला द्यायचं, मग आपण घ्यायचं, अशी रीत. साडी असो की बांगड्या. यंदा कुकरसुद्धा आधी सिद्धेश्वरीनंच घेतला होता. सोनालीला याची सवय झाली होती.

घरी आल्यावर तिनं स्केट स्वेटरमध्ये गुंडाळले आणि बिरुदेवच्या मोठ्या बॅगेत तळाशी ठेवले. पायाला फोड आला होता, तो तिनं साडीच्या काठानं झाकला. बिरुदेव कॉटवर मोबाइल घेऊन बसला होता.

"झालं," तो म्हणाला. "रविवारचं तिकीट निघालं."

राजाबाई आत आली. तिनं बॅग उपसली आणि स्केट काढून देव्हाऱ्यापुढं पाटावर मांडले. हळद-कुंकू वाहिलं. मग सोनालीच्या गळ्यातल्या टाकाकडं बघून, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"सिद्धे, ह्यातच जीव अडकला होता नव्हं तुझा? मरताना बी बर्फाचंच बोलत होतीस. हे घे. तुझ्याच गावात घेतलेत, तुझा टाक हिच्या गळ्यात हाय, तवा हिच्याच पायात घालून बघितलेत, कुटं टोचत न्हाईत. आता माझ्या लेकाच्या सपनात अनवाणी येऊ नगं. त्याला तितं सुखानं झोपू दे."

सोनालीनं बिरुदेवकडं पाहिलं. तो बॅगेची चेन लावत होता.

"आन् माझे कागद?" तिनं विचारलं.

"तुझे कसले कागद?" राजाबाई म्हणाली. आवाज मायेचा होता. "टाक घर सोडून जात नसतोय, पोरी."

हिशेब पुरा झाला. सिद्धेश्वरीला स्केट मिळाले, बिरुदेवला झोप, राजाबाईला हाताखाली सून, रेवणप्पाला गिऱ्हाईक. या सगळ्यांचं मिळून जे देणं होतं, ते सोनालीनं दुकानातच, करंगळी दुमडून, "न्हाय दुखत" म्हणत चुकतं केलं होतं.