जरीपटक्याला मुजरा

"आबा, द्या की बत्ती! कशाची वाट बघताय?" सगुणा बापाच्या कानाशी कुजबुजली.

साताऱ्याच्या राज्याने समुद्रापार वसवलेलं नारळबेट तीन पिढ्यांनंतर स्वातंत्र्यासाठी उठलं होतं. बंड मोडायला फौजेचं गलबत खाडीत शिरत होतं. ते धक्क्याला लागलं की सगळं संपलं. बुरुजावर तोफ एकच होती, आणि गोळाही एकच.

गोलंदाज सुभानजीने बत्ती उचलली. तेवढ्यात गलबताच्या डोलकाठीवर जरीपटका फडकला. म्हाताऱ्याच्या हातांना जन्माची सवय. बत्ती खाली ठेवून त्याने कमरेत वाकून मुजरा घातला.

"घात केलात, आबा! त्यांनी पाहिलं तुम्हाला!"

पाहिलं होतं खरंच. "बुरूज आपलाच आहे रे!" गलबतावरून कोणीतरी हसत ओरडलं. त्यांनी रोखलेल्या तोफा वळवल्या आणि गलबत निर्धास्तपणे अगदी बुरुजाखाली आणलं. आता आंधळ्याचाही नेम चुकला नसता.

सगुणा हरखली. "काय फसवलंत हो त्यांना!"

"फसवलं नाही गं पोरी," सुभानजी डोळे पुसत म्हणाला. "मुजरा खराच होता."

आणि त्याने तोफेला बत्ती दिली.