राहून गेलं

"यात आमचा नाव नाय गो." गोदाताईंनी सभासदांची छापील यादी कृतिकाच्या पुढ्यात धरली. "दोनदा वाचली. चष्मा पन पुसला."

कृतिकाने यादीकडे पाहिलं नाही. ती तिनेच छापून आणली होती. तिने दीड वर्षाच्या सान्वीला उगाचच एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

नौपाड्यातला हा हॉल आज पहिल्यांदाच अपुरा पडत होता. आपापल्या भागातल्या लोकांना शाळेसाठी, औषधासाठी मदत देणाऱ्या मंडळांचा आणि ट्रस्टांचा हा संघ. तीन वर्षांपूर्वी सतरा सभासद होते, आज सेहेचाळीस. ही वाढ सचिव कृतिकामुळे, असं सगळेच म्हणत. आज नवा अध्यक्ष ठरायचा होता. तसा तो ठरलेलाच असे. ज्या क्रमाने संस्था संघात आल्या, त्या क्रमाने अध्यक्षपद फिरायचं. यंदा नंबर कोलशेतच्या मिठागर महिला मंडळाचा, म्हणजे गोदाताईंचा. त्यांच्या मंडळातल्या चौघीजणी एकाच रंगाच्या साड्या नेसून मागे बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर हाराची पिशवी होती.

त्यांच्यानंतरचा नंबर ठाकुर्लीच्या संस्थेचा, म्हणजे कृतिकाचा.

मावळते अध्यक्ष सहदेवकाका माइकपासून दूर होत हळू आवाजात म्हणाले, "गोदाताई, एकतीस मार्चपर्यंत ज्यांचा ऑनलाइन फॉर्म आला नाही, त्यांचं सभासदत्व संपलं. नियम आपणच केलाय."

"फॉर्म तर ही भरनार व्हती. हीच बोलली ना, ताई, तुम्ही त्रास घेऊ नका, मी भरते."

दोघांनीही कृतिकाकडे पाहिलं. मागच्या चौघींनीही.

"शेवटच्या दिवशी हिला ताप होता," कृतिका म्हणाली. "एकशे तीन. धावपळीत राहून गेलं. सॉरी, ताई."

राहून गेलं. या शब्दांत कुणी काही केलेलं नसतं. त्या दिवशी सान्वी खिडकीशी बसून केळं खात होती, अर्धं स्वतः आणि अर्धं बाहुलीला. कृतिकाने गोदाताईंचा फॉर्म पूर्ण भरला होता, मंडळाचा शिक्कासुद्धा जोडला होता. एक बटण दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात तिला संघात नव्याने आलेल्या कंपन्यांच्या ट्रस्टांची माणसं आठवली, त्यांची इंग्रजी प्रेझेंटेशनं आठवली, आणि त्यांच्यासमोर माइक धरून उभ्या राहिलेल्या गोदाताई दिसल्या. संघाच्या भल्यासाठीच, असं मनाशी म्हणत तिने लॅपटॉप मिटला होता. पुढचा नंबर कोणाचा, हे तिला मोजावं लागलं नव्हतं.

"अगो, मंग तवाच सांगाचा ना," गोदाताई म्हणाल्या. "लेकराचा ताप काय गंमत हाय?" त्या मागे वळल्या. "आपला नाय ह्या वर्षी. पोर आजारी व्हती तिची."

"मंग ह्या साड्या?" पिशवीवालीने विचारलं.

"नेस भाचीच्या हळदीला. गप बस."

सहदेवकाकांनी कृतिकाचं नाव पुकारलं आणि हात वर करायला सांगितलं. सगळ्यात आधी वर गेला तो गोदाताईंचा हात. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. सहदेवकाका अवघडले. "ताई, तुमचा हात मोजता येणार नाही आता."

"हा, हा. इसरली." त्यांनी हात खाली घेतला आणि त्या दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. मग पिशवीतला हार काढून त्यांनीच तो कृतिकाच्या गळ्यात घातला. हार जाड होता, ओला होता.

पुढचा अर्धा तास कृतिका सान्वीच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. गरम लागतंय का? मघाशी नव्हतं. पोरीच्या तापाचं नाव घ्यायला नको होतं. दुसरं काहीही सांगता आलं असतं, नेट गेलं होतं म्हणून.

चहाच्या वेळी गोदाताई दोन्ही मुठी मिटून तिच्यासमोर आल्या.

"मगापासून बघते, सारकी कपाल चाचपतेस तिचा. परत कनकन हाय काय? चहावाल्याकडं मीठ मांगला, तर पिठासारका दिला बग. आमच्या आगरातला असता तर चार खड्यांत काम झाला असता. बस, दृष्ट काढते."

"राहू द्या, ताई. काही नाही झालेलं तिला."

"तुना नाय कलत. एवड्या लोकांत आनलीस."

मुठी सान्वीच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरू लागल्या. सान्वीला खेळ वाटला. ती हसून त्या पकडायला बघत होती.

"आल्याची, गेल्याची, वाटवरच्याची..."

"ताई," कृतिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला. "तिला ताप नव्हता. फॉर्मही भरून झाला होता. मीच पाठवला नाही."

दृष्ट काढताना मध्ये थांबत नाहीत. गोदाताईही थांबल्या नाहीत. एका मुठीतून थोडं मीठ फरशीवर सांडलं, तेवढंच. मुठी पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. फक्त त्यांची नजर पोरीवरून उठली, हारावरून सरकली आणि कृतिकाच्या तोंडावर येऊन थांबली.

"घरच्याची, दारच्याची," त्या सावकाश म्हणाल्या. "आयशीची."